दहशतवादाचे अर्थकारण : लेखांक ५ – नुकसानीला जामीन कोण?

स्फोटात कोसळलेल्या इमारतींचा पंचनामा करता येतो, हे आपण गेल्या लेखांकात पाहिले. परंतु भयापोटी जो कारखाना उभाच राहिला नाही, जो सौदा झाला नाही, जो प्रवासी आला नाही, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसल्यामुळे ती हानी किती आणि ती अखेर कोणाच्या माथी बसते, हे ठरविणे फार कठीण होऊन बसते.

या मोजणीचा सर्वांत लक्षणीय प्रयत्न स्पेनमधील बास्क प्रांताविषयी झाला. १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत दरडोई उत्पन्नात स्पेनच्या सतरा प्रांतांत तिसरा असलेला हा उद्योगसंपन्न प्रदेश शतकाच्या अखेरीस सहाव्या स्थानी घसरला होता. मधल्या काळात बास्क स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या ‘एता’ या सशस्त्र संघटनेने खून आणि अपहरणे केली आणि उद्योगपतींकडून ‘क्रांतिकर’ या नावाखाली खंडणी वसूल केली. आल्बेर्तो आबादी व हाविएर गार्देआसाबाल या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी स्पेनच्या अन्य प्रांतांच्या आकड्यांच्या आधारे, हिंसाचार झालाच नसता तर बास्क प्रांत कसा असता, याचे गणिती चित्र उभे केले आणि २००३ साली असा निष्कर्ष मांडला की दरडोई उत्पन्नात सुमारे दहा टक्क्यांची तूट या हिंसेमुळे आली. पोलाद व जहाजबांधणी या धंद्यांतील मंदीचा वाटा त्या तुटीतून सर्वस्वी वेगळा काढता येतो, असे मला वाटत नाही. तथापि ‘एता’च्या १९९८ च्या शस्त्रसंधीवर लोकांचा विश्वास बसू लागताच बास्क कंपन्यांचे समभाग इतरांपेक्षा वधारले आणि ती संधी मोडताच घसरले, हा त्यांनी दिलेला दुसरा पुरावा नाकारणे अवघड आहे.

लंडनची कथा निराळी आहे. १० एप्रिल १९९२ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीने बाल्टिक एक्सचेंजपाशी घडविलेल्या स्फोटानंतर, अशा जोखमीचा पुनर्विमा, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा, उतरविण्यास जगातील कंपन्या नकार देऊ लागल्या. आणि विम्यावाचून कर्ज नाही, कर्जावाचून बांधकाम नाही, अशी अवस्था लंडनच्या ‘सिटी’ या धनाढ्य आर्थिक पेठेवर ओढवण्याचा संभव निर्माण झाला. तेव्हा विमा कंपन्यांनी १९९३ साली ‘पूल री’ नावाचा सामाईक कोष स्थापिला व तो रिता झाल्यास उर्वरित भार उचलण्याची हमी ब्रिटिश सरकारच्या खजिन्याने दिली. त्याच वर्षी २४ एप्रिलला त्याच पेठेतील बिशप्सगेट आणखी एका स्फोटाने हादरले, तरी ती पेठ उठली नाही.

त्याच वसंतात, १२ मार्च रोजी, मुंबईत शेअर बाजारापासून झवेरी बाजारापर्यंत झालेल्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. परंतु आपल्याकडे तसा कोष निघाला तो २००२ साली, अमेरिकेवरील २००१ च्या हल्ल्यानंतर परदेशी पुनर्विमेदारांनी हात आखडता घेतल्यावर, आणि तोही सरकारी हमीवाचून. मुंबईवरील २००८ च्या नोव्हेंबरातील हल्ल्यानंतर ताज व ओबेरॉय या हॉटेलांच्या भरपाईचा भार या कोषाने उचलला, ही व्यवस्थेची सार्थकताच म्हटली पाहिजे. मात्र ज्याच्यापाशी विमापत्रच नाही, त्या रोजमजुराच्या बुडालेल्या दिवसांशी अशा कोषाचा संबंध येत नाही, ही त्याची मर्यादाही तितकीच खरी.

ही मर्यादा जेथे संपूर्ण समाजाची मर्यादा होते, असे स्थळ म्हणजे इजिप्तमधील लक्सर. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी हातशेप्सूत राणीच्या मंदिरात ६२ जणांची हत्या झाली, त्यांत ५८ परदेशी प्रवासी होते. मंदिराचा एक चिराही हलला नाही, त्यामुळे मालमत्तेच्या हानीचा हिशेब करू पाहणाऱ्याला तेथे मांडण्यासारखे फारसे काहीच सापडले नसते. तरीही ऐन हंगामात युरोपातील प्रवासी कंपन्यांनी सहली रद्द केल्या, आणि नाईलवरील शिडाच्या होड्या वल्हविणारे नावाडी, घोडागाडीवाले आणि पश्चिम तीरावर अलबास्टरची पात्रे घडविणारे कारागीर यांची मिळकत आटली. त्यांना जामीन राहील असा कोष नव्हता, पुनर्विमा नव्हता. हत्याऱ्यांचा रोष राज्यसत्तेवर असताना तिचा दंड या निरपराध माणसांनी भरावा, ही गोष्ट मला अतिशय अन्यायाची वाटते, आणि दहशतवादाच्या अर्थकारणाची चर्चा केवळ मोठ्या भांडवलाच्या अंगाने होते तेव्हा याच माणसांचा विसर पडतो.

पुढील लेखांकात आपण चाड सरोवराच्या परिसरात, नायजरच्या दिफा प्रांतात जाऊ. तेथे बोको हराम या दहशतवादी संघटनेच्या हल्ल्यांनंतर मोटारसायकली, मासळी आणि लाल मिरची यांवर बंदी घालणारे हुकूम खुद्द सरकारनेच काढले होते.