सायकलीचे सुटे भाग : पारख, निगा आणि व्यवहार

उल्हास नदीच्या खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकाच लोहमार्गावर वसलेली असली, तरी त्यांची घडण निराळी आहे. अंबरनाथचे शिवालय इ. स. १०६० मधील. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी लष्करी छावणीच्या जागी उभारलेल्या वसाहतीस ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. बदलापूरचा विस्तार अगदी अलीकडचा. स्थानक ते घर आणि घर ते कारखाना हे अंतर मात्र तिन्ही ठिकाणी कामगारांच्या पिढ्यांनी सायकलीवरून कापले. आज रिक्षा आणि मोटारसायकलींची गर्दी वाढली असली, तरी सायकल रस्त्यावरून नाहीशी झालेली नाही.

या सायकलीला अलीकडे एक नवी हौस जडली आहे. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर काढून टाकावयाचे, मागील चाकास फ्रीव्हीलऐवजी घट्ट दातेरी चकती बसवावयाची आणि कधी कधी ब्रेकही काढून ठेवावयाचे. मुंबई-पुण्याच्या तरुणांत रुजलेली ही पद्धत उपनगरांत पोहोचणे स्वाभाविकच होय. हौस वाईट नाही. मात्र तिच्यामागील यंत्रशास्त्र समजून न घेतल्यास ती जिवावर बेतू शकते.

स्थिर चकती म्हणजे काय?

सर्वसाधारण सायकलीच्या मागील चाकास फ्रीव्हील असते. त्यातील खटके एकाच दिशेने पकड घेत असल्यामुळे पाय थांबविले तरी चाक फिरत राहते. स्थिर चकतीच्या सायकलीत असे खटके नसतात. चाक फिरते तोवर पेडल फिरते आणि पायांनी विरोध केल्यास चाकाचा वेग कमी होतो.

ही रचना मुळात शर्यतीच्या धावपट्टीसाठी आहे. पुण्याच्या बालेवाडी येथील शिवछत्रपती क्रीडा संकुलात, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने, असा सायकल ट्रॅक उभारण्यात आला. ट्रॅकवर सर्व स्पर्धक एकाच दिशेने जातात. आडवा येणारा कोणी नसतो आणि एकाने अचानक ब्रेक लावल्यास मागचे आदळतील, म्हणून तेथे ब्रेकला मनाई असते. जे ट्रॅकवर सुरक्षित, तेच भरबाजारात घातक ठरते. उड्डाणपुलाच्या उतारावर पुढे रिक्षा थांबली असता केवळ पायांच्या बळावर सायकल वेळेत थांबत नाही.

आट्यांमधील धोका

खरी गफलत होते ती मागील हबच्या ठिकाणी. साध्या हबवरील फ्रीव्हीलचे आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचास २४ असे असतात. स्थिर चकतीचे आटेही तेच. त्यामुळे चकती साध्या हबवर सहज चढते आणि काम झाले असे वाटते. परंतु ट्रॅकच्या हबवर त्या आट्यांच्या बाहेर आणखी एक लहान पायरी असते. तिला उलटे आटे असून त्यावर लॉकरिंग आवळली जाते. चालक पायांनी विरोध करतो तेव्हा चकती सुटू पाहते. त्याच वेळी उलट्या आट्यांची लॉकरिंग अधिक घट्ट होते आणि चकतीस रोखून धरते. साध्या हबवर ही पायरीच नसते. तेथे नेमक्या गरजेच्या क्षणी चकती सैल होते आणि वेग आवरण्याचे साधन उरत नाही.

यास्तव स्थिर चकती बसवावयाची असल्यास ट्रॅकचाच हब घ्यावा आणि रस्त्यावर निदान पुढील ब्रेक अवश्य ठेवावा. हे शक्य नसल्यास फ्रीव्हीलच बरे.

निवड : रूप नव्हे, माप

सुटा भाग दिसावयास कसा आहे, यापेक्षा तो मापात बसतो काय, हे महत्त्वाचे. टायरचेच उदाहरण घ्यावे. काळ्या सायकलीच्या टायरवर २८ × १½ असे लिहिलेले असते. शर्यतीच्या सायकलीचे टायरही ‘२८’ या नावानेच विकले जाते. प्रत्यक्षात पहिल्याच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, तर दुसऱ्याच्या रिमचा ६२२ मिलिमीटर. १३ मिलिमीटरच्या या फरकामुळे एकाचे टायर दुसऱ्यास बसत नाही. म्हणून टायरच्या कडेवरील ‘४०-६३५’ किंवा ‘२८-६२२’ असा बारीक आकडा वाचूनच खरेदी करावी. रॉड ब्रेकच्या रिमला बाजूने सपाट पट्टी नसते. तिच्यावर कॅलिपर ब्रेक नीट धरत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

दात्यांचे गणितही सोपे आहे. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असल्यास पेडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे २.४४ वेळा फिरते आणि काळी सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटास ६० फेरे केल्यास वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर भरतो. मागे १६ दाते घेतल्यास वेग वाढतो, पण चढावर गुडघ्यांवर ताण येतो.

मापाचे महत्त्व इतिहासानेही पटवून दिले आहे. वरळीची हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या कंपन्यांचे १९८० मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. पुढे त्या बंद पडल्या. अॅटलासचा साहिबाबाद येथील कारखाना जून २०२० मध्ये बंद झाला. तरीही या सायकली आजही दुरुस्त होतात. कारण नाव पुसले गेले, तरी माप सामाईक राहिले.

निगा

चेन आणि चकती दोन्ही अर्ध्या इंचाच्या मापाच्या असतात. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या १२ १/८ इंचांपर्यंत वाढल्या, तर चेन बदलावी, नाही तर ती चकतीचे दातेही खाते. चेनला मध्यभागी सुमारे अर्धा इंच ढील असावी. स्थिर चकतीच्या सायकलीत चेन सैल राहून निसटली, तर चाक जागीच अडकते. म्हणून तेथे ही तपासणी दर आठवड्यास करावी.

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपताच, ओव्हरहॉलिंग करून घ्यावे. छर्रे बदलताना मापे मिसळू नयेत. काळ्या सायकलीत मागील हबात सहसा पाव इंची, तर पुढील हबात ३/१६ इंची छर्रे असतात. चाकाचा आऊट वेळीच काढावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते न जाणता जोर लावल्यास क्रँक निकामी होतो.

व्यवहारातील सचोटी

जपानमध्ये १९४८ पासून चालत आलेल्या केरिन शर्यतींत ठरावीक छापाचेच भाग वापरता येतात. म्हणूनच तेथील जुने भागही परदेशी ग्राहक विश्वासाने घेतात. आपल्याकडे नकली मालाची थट्टा पुष्कळदा उल्हासनगरच्या नावे केली जाते. वस्तुतः अशी भेसळ कोणत्याही बाजारपेठेत आढळते आणि तिच्यावरील उपायही सर्वत्र एकच आहे. ग्राहकाने माप सांगावे, दुकानदाराने माप दाखवावे व पावती द्यावी. जुना चिमटा किंवा हँडल घेताना सांध्याजवळ तडा नाही ना, हे पाहावे. एकदा वाकून सरळ केलेला भाग घेऊच नये. जुनी सायकल घेताना फ्रेमवरील क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा, म्हणजे चोरीचा माल पदरी पडणार नाही.

मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील मागास तालुक्यांत इयत्ता ८ वी ते १२ वीच्या विद्यार्थिनींना सायकलीसाठी साहाय्य देण्याची योजना राबविण्यात आली. सायकल मिळणे ही सुरुवात होय. एखादा क्षुल्लक भाग न मिळाल्याने ती ओसरीत पडून राहिली, तर मुलीची शाळाही थांबते. ग्रामपंचायतीने एक पंप, पान्यांचा एक संच आणि सायकलींच्या मापांचा एक तक्ता शाळेत ठेवावा. शिक्षकांनी महिन्यातून एक तास गावच्या सायकल मिस्त्रीस वर्गात बोलवावे. त्याच्या हातातील ज्ञान पुढील पिढीकडे गेले, तर सायकल चालू राहील आणि ती चालविणारे मूलही सुखरूप घरी पोहोचेल.