फ्लूची लस नाकातून का?

सुई दिसली की मूल आईच्या मागे लपतं. ब्रिटनमध्ये 2013पासून मुलांना फ्लूची लस प्रामुख्याने नाकात फवारून देतात. दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा, झालं!

त्यात जिवंत, पण दुबळे केलेले विषाणू असतात. ते थंडाव्यातच नीट वाढतील अशा बेताने तयार केलेले असतात. नाक थंड, म्हणून तिथे ते थोडेफार वाढतात. उबदार फुफ्फुसांत त्यांचं काही चालत नाही. खरा विषाणू ज्या दारातून शिरतो, तिथेच शरीराची तालीम होते.

विषाणू रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. इथेच पालक गळतात. दर वेळी रजा टाकून दवाखाना गाठायचा कसा? म्हणून ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांना लस शाळेतच देतात. पालकांनी फक्त संमतिपत्र भरायचं. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. मात्र फवाऱ्यात डुकराचं जिलेटिन असतं. ते नको असेल तर इंजेक्शन मिळतं. जिलेटिनबद्दल विचारणाऱ्या पालकाला अडाणी ठरवू नये, सरळ उत्तर द्यावं.

महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यातही उसळतो. तेव्हा मे महिन्यातच बालरोगतज्ज्ञांना विचारा. लहान मुलाला लसीच्या पहिल्या वर्षी किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.