एका माणसाभोवती पाच निवडणुका

इस्रायलचे पंतप्रधान एहूद ओल्मर्ट 2008 साली भ्रष्टाचाराच्या चौकशांत अडकले, तेव्हा विरोधी पक्षनेते बिन्यामिन नेतन्याहू यांनी एक मुद्दा लावून धरला होता. चौकशांत गळ्यापर्यंत बुडालेल्या पंतप्रधानाला देशाच्या भवितव्याचे निर्णय घेण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ओल्मर्ट यांनी राजीनामा दिला, पुढे खटला चालला आणि 2016 मध्ये ते तुरुंगात गेले. कोणीही कायद्याच्या वर नाही, हा विश्वास त्या वेळी सामान्य इस्रायली मतदाराला वाटला. पुढच्या काही वर्षांत याच विश्वासाला तडे गेले.

28 फेब्रुवारी 2019 रोजी ॲटर्नी जनरल अविखाय मंडेलब्लिट यांनी आता स्वतः पंतप्रधान असलेल्या नेतन्याहूंवर आरोपपत्र ठेवण्याचा मनोदय जाहीर केला. मंडेलब्लिट यांची नेमणूक नेतन्याहूंच्याच सरकारने केलेली, आणि त्याआधी ते त्यांचेच मंत्रिमंडळ सचिव होते. नोव्हेंबरमध्ये आरोप पक्के झाले. धनाढ्य मित्रांकडून सिगार आणि शँपेनच्या भेटी घेणे, एका मोठ्या वृत्तपत्राच्या मालकाशी अनुकूल बातम्यांसाठी बोलणी करणे, आणि ‘बेझेक’ या दूरसंचार कंपनीला सवलती देऊन त्या बदल्यात ‘वाला’ या संकेतस्थळावर हवे तसे वार्तांकन मिळवणे. विश्वासघात आणि फसवणूक तिन्ही प्रकरणांत. शेवटच्या प्रकरणात लाचखोरीही. नेतन्याहूंनी हे सारे आरोप नाकारले आहेत.

इथे कायद्यातली एक फट कामी आली. आरोपपत्र दाखल झालेल्या मंत्र्याने पद सोडावे, हा दंडक तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच घालून दिला होता. पंतप्रधानाला मात्र अंतिम दोषसिद्धी होईपर्यंत पदावर राहता येते. साध्या मंत्र्याला जे चालत नाही ते सरकारच्या प्रमुखाला चालते, म्हटल्यावर न्यायालयाचा प्रश्न मतदाराच्या गळ्यात पडला.

मग सुरू झाली निवडणुकांची रांग: एप्रिल 2019, सप्टेंबर 2019, मार्च 2020, मार्च 2021, नोव्हेंबर 2022. इस्रायलमध्ये संपूर्ण देश हा एकच मतदारसंघ असतो. मतदार पडद्याआड जातो, तिथल्या खणांतून आपल्या पक्षाची अक्षरे छापलेली चिठ्ठी उचलतो, लिफाफ्यात घालतो आणि लिफाफा पेटीत टाकतो. चिठ्ठीवर पक्षाचे नाव असे, पण त्या वर्षांत खरा प्रश्न एकच होता: नेतन्याहू हवेत की नकोत? घरांचे आकाशाला भिडलेले भाव, महागाई, शाळा, दवाखाने हे सगळे मागे पडले. 120 जागांच्या संसदेत, म्हणजे क्नेसेटमध्ये, पहिल्या चार निवडणुकांत नेतन्याहूंना 61 चा आकडा काही केल्या जमेना.

वैताग फक्त डाव्यांचा होता असे मानणे चूक ठरेल. 2021 च्या निकालात उजव्या आणि धार्मिक पक्षांच्या मिळून 72 जागा होत्या. विचारधारेच्या हिशेबाने सरकार सहज व्हायला हवे होते. पण गिदोन सार नेतन्याहूंचा लिकुड पक्ष सोडून बाहेर पडले होते आणि आविग्दोर लिबरमनही नेतन्याहूंबरोबर बसायला तयार नव्हते. लिकुडला पिढ्यान् पिढ्या मत देणाऱ्या माणसाला आपला पक्ष आणि आपला नेता यांत निवड करावी लागत होती. दुसरीकडे, आरोपी पंतप्रधानाच्या हाताखाली बसणार नाही असा शब्द दिलेले विरोधी नेते बेनी गँट्झ 2020 मध्ये करोनाचे कारण देऊन त्याच सरकारात गेले. आलटून-पालटून पंतप्रधानपदाचा जो करार झाला, तो वर्षभरही टिकला नाही. त्यांच्या पक्षाच्या 33 जागांवरून पुढच्या खेपेला 8 उरल्या. 2020 च्या उन्हाळ्यात जेरुसलेमच्या बाल्फोर रस्त्यावर, पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर, दर शनिवारी संध्याकाळी हजारो लोक जमत राहिले.

या साऱ्या काळाचे मर्म मला इथे दिसते. खटला आणि पक्षातला कडवेपणा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. मवाळ मंडळी एकेक करून दूर गेली, तशी ज्यांना कोणी दारात उभे करत नव्हते त्यांची गरज वाढत गेली. इतामार बेन ग्वीर हे अतिउजवे नेते मेइर कहाने यांच्या पंथाचे. 1984 मध्ये निवडून आलेले कहाने क्नेसेटमध्ये बोलायला उभे राहिले की लिकुडचे सदस्यसुद्धा सभागृहाबाहेर जात. त्यांच्या पक्षावर पुढे बंदी आली. 2007 मध्ये बेन ग्वीर यांना वंशद्वेष भडकावल्याबद्दल आणि दहशतवादी संघटनेला पाठिंबा दिल्याबद्दल दोषी ठरवले गेले. मार्च 2020 मध्ये त्यांच्या पक्षाला अर्धा टक्काही मते मिळाली नव्हती. मग नेतन्याहूंनी मध्यस्थी करून त्यांची उजवे नेते बेझालेल स्मोत्रिच यांच्याशी मोट बांधून दिली. 2022 मध्ये या आघाडीने 14 जागा जिंकल्या आणि बेन ग्वीर राष्ट्रीय सुरक्षा मंत्री, म्हणजे पोलिसांचे मंत्री झाले.

आपल्याला हा देश तितका परका नाही. रायगडच्या किनाऱ्यावरून गेलेले मराठी बोलणारे बेने इस्रायल डिमोना, अश्दोद, लोद इथे वसले आहेत. धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, तेव्हा 1964 मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. क्नेसेटने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि धर्मपीठाला मागे यावे लागले. रस्त्यावर उतरलेल्या नागरिकाचे म्हणणे ऐकणारी संस्था असली की काय घडते, ते आपल्याच माणसांनी तिथे अनुभवले आहे.

2023 मध्ये घाव घातला गेला तो अशाच एका संस्थेवर. 4 जानेवारीला न्यायमंत्री यारिव लेविन यांनी न्यायालयांचे अधिकार छाटणारी योजना जाहीर केली. तेल अवीवच्या काप्लान रस्त्यावर दर आठवड्याला जनसागर लोटू लागला. राखीव सैनिक, डॉक्टर, निवृत्त न्यायाधीश त्यात होते. तरीही 24 जुलैला पहिला कायदा 64 विरुद्ध 0 ने संमत झाला, कारण विरोधकांनी मतदानावर बहिष्कार घातला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1 जानेवारी 2024 रोजी तो 8 विरुद्ध 7 असा रद्द केला. तोवर 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्याने आणि गाझातल्या युद्धाने सारेच बदलून टाकले होते. 2020 मध्ये सुरू झालेल्या खटल्यात नेतन्याहूंची साक्ष सुरू व्हायला डिसेंबर 2024 उजाडला.

वैतागलेल्या मतदाराला दोष देण्याची घाई होते. पण पहिल्या निवडणुकीत 68.5 टक्के मतदान झाले होते आणि पाचव्या निवडणुकीत 70.6 टक्के. कंटाळूनही लोक केंद्रावर जात राहिले; त्यांनी आपले काम केले. चुकले ते आरोपाचा निवाडा मतपेटीवर ढकलणारे, दिलेला शब्द मोडणारे आणि सत्तेसाठी द्वेषाला प्रतिष्ठा देणारे. नेता दोषी आहे की निर्दोष हे न्यायालयानेच, वेळेत ठरवावे, आणि तोवर सर्वोच्च पदालाही इतर मंत्र्यांचाच नियम लागू असावा. हा साधा नियम नसेल तर त्याची किंमत नागरिकाला एकामागून एक निवडणुकीत मोजावी लागते, आणि शेवटी ज्यांना कोणी निवडू पाहत नव्हते त्यांच्याच हाती पोलीस खाते जाते.