चकाकी लावतात की काढतात?

फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या हळदीच्या गावांत गेलात, तर शेतात किंवा खळ्यावर गरगर फिरणारे पत्र्याचे मोठे पिंप दिसते. शिजवून वाळवलेली हळकुंडे त्यात टाकतात. ती एकमेकांवर आणि पिंपाच्या खरखरीत पत्र्यावर घासली जातात, वरची साल व मुळ्या निघतात आणि मळकट हळकुंड पिवळेधमक होते. या कामाला सगळे 'हळद पॉलिश करणे' म्हणतात. खाली भुसकट पडते, वजनात घट येते. शेतकरी ही घट आधीच हिशेबात धरतो.

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात राहून दरवर्षी हे पाहत असूनही, स्वतःच्या जुन्या कारला पॉलिश करताना मला त्याची आठवण झाली नाही. पॉलिश म्हणजे रंगावर काहीतरी लावणे, असे मी धरून चाललो. ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडर आणला, त्याला लोकरीची चकती बसवली, रबिंग कंपाउंड फासले. दहा मिनिटांत बॉनेट चमकले खरे, पण कडेला बोटभर रुंदीचा राखाडी पट्टा उघडा पडला. तो प्रायमर होता. वर्षानुवर्षे परावर्तन शिकवणाऱ्या माणसाची ही गत! मग मुळापासून विचार करावा लागला.

ताटातली वर्तुळे

स्टीलचे वापरलेले ताट दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक ओरखड्यांची वर्तुळे दिसतील. ताट हलवले की वर्तुळेही सरकतात. म्हणजे ती ताटावर कोरलेली नाहीत. ताट सगळ्या दिशांनी घासले जाते, पण ओरखडा प्रकाश विखुरतो तो मुख्यतः स्वतःच्या लांबीच्या काटकोनात. म्हणून असंख्य वेड्यावाकड्या ओरखड्यांपैकी दिव्याभोवती आडवे पडलेले तेवढेच आपल्या डोळ्यांपर्यंत प्रकाश पोचवतात. उन्हात उभ्या कारच्या बॉनेटवर सूर्याभोवती दिसणारे जाळे हेच.

पृष्ठभागावरचे उंचवटे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान झाले, की तो आरशासारखा वागतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 0.4 ते 0.7 मायक्रॉन असते. न्यूटनने 1704 साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात काचेच्या पॉलिशबद्दल हेच मांडले आहे : पॉलिश करणारी भुकटीही काच खरवडतेच, फक्त तिचे ओरखडे डोळ्यांना दिसू नयेत इतके बारीक असतात. तेव्हा पॉलिश करणे म्हणजे मोठ्या ओरखड्यांच्या जागी लहान ओरखडे आणणे. आणि त्यासाठी काहीतरी काढून टाकावे लागते.

शिल्लक किती आहे?

आजच्या बहुतेक कारच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट हा पारदर्शक थर असतो. सगळे मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एक-दोन पानांएवढी. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा. केसाची जाडीही बहुधा याहून जास्त भरते. घासायला मिळतो तो एवढाच थर, आणि त्यातलाही थोडाच भाग खर्चता येतो. कडांवर तर रंग मुळातच पातळ बसतो आणि चकतीचा सगळा दाब अरुंद पट्टीवर येतो. माझा पट्टा कडेलाच का उघडा पडला, ते आता कळले असेल.

म्हणून नियम असा : नख अडकते इतका खोल ओरखडा पॉलिशने घालवण्याचा हट्ट धरू नये.

यंत्र निवडताना

एक गणित मुलांना घालण्याजोगे आहे. ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. चकतीचा व्यास 100 मिलिमीटर धरला, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 58 मीटर, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो! पॉलिशच्या रोटरी यंत्रावर 150 मिलिमीटरची चकती मिनिटाला 1,500 फेऱ्यांनी फिरवली, तर हाच वेग ताशी 42 किलोमीटर भरतो. रंग उष्णतेचा मंदवाहक असल्याने घर्षणाची उष्णता पृष्ठभागावरच साठते आणि रंग करपतो. ग्राइंडर या कामाचा नाही, तो वेल्डिंगवाल्याकडेच बरा.

रोटरी यंत्र वेगाने काम करते, पण त्याला सरावाचा हात लागतो. घरी करणाऱ्याने ड्युअल अॅक्शन यंत्र घ्यावे. त्याची चकती स्वतःभोवती फिरते आणि तिचा आसही लहानशा वर्तुळात फिरत राहतो. त्यामुळे घासण्याची दिशा सतत बदलते आणि उष्णता एका जागी साठत नाही. जास्त दाबले, तर चकतीचे स्वतःभोवती फिरणे थांबते. नवशिक्याची चूक इथे बरीचशी निभावून जाते. यंत्र परवडत नसेल तर हातानेही चालते. वेळ लागतो, पण रंग जळण्याची भीती जवळजवळ नाही.

बाकीचे साहित्य

चकत्यांमध्ये लोकरीची सर्वांत जहाल, मग कडक फोम, मग मऊ फोम. कंपाउंडमध्ये बहुधा अॅल्युमिनिअम ऑक्साइडची पूड असते. ती जाड असेल तर रबिंग कंपाउंड, बारीक असेल तर पॉलिश. मेण मात्र खरोखर 'लावण्याचे' असते. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण बारीक खाचा बुजवते, पाणी झटकते, पण ओरखडा काढत नाही. काही आठवड्यांनी मेण गेले, की ओरखडा पुन्हा दिसतो.

सुरुवात नेहमी सौम्य जोडीने करावी : मऊ फोम आणि बारीक पॉलिश. वीतभर जागेवर करून पाहावे. पुरले नाही तरच एक पायरी वर चढावे. कडांवर आधी मास्किंग टेप चिकटवावी.

सर्वांत स्वस्त साहित्य म्हणजे पाणी. आपल्या भागात बसाल्टच्या पोकळ्यांतून निघालेल्या गारगोट्या रानोमाळ सापडतात. त्यांची काठिण्य संख्या 7 आहे. त्यांचा चुरा धुळीत असतो आणि कारचा रंग त्याहून कितीतरी मऊ असतो. सकाळी कोरड्या फडक्याने कार पुसणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणेच. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग मायक्रोफायबरच्या कापडाने टिपावे. त्याच्या बारीक तंतूंच्या लवेत उरलेले कण शिरतात. जमिनीवर पडलेले कापड धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

वर्गात करून पाहा

सीडीच्या जुन्या डबीचे पारदर्शक झाकण घ्या. त्यावर 1000 नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून आडवा घासा. झाकण पांढरट होईल. मग 1500 नंबरचा उभा घासा, आधीच्या आडव्या रेघा नाहीशा होईपर्यंत. पुढे 2000 नंबरचा पुन्हा आडवा. शेवटी कापडावर टूथपेस्ट घेऊन चोळा; तिच्यातही बारीक घासणारी पूड असते. दर पायरीला झाकणात बल्बचे प्रतिबिंब कसे दिसते, ते मुलांना वहीत लिहायला सांगा. मधली एखादी पायरी गाळून काय होते, तेही बघू द्या. आणि पाण्यात उतरलेली पांढरी भुकटी ओतून देण्याआधी एकदा दाखवा. हळदीच्या पिंपाखालचे भुसकट पाहिलेल्या मुलांना ती कुठून आली, हे सांगावे लागणार नाही.