गाभ्यांतील द्वारपाल

चाळीसगांवाहून धुळ्यास येणारा लोहमार्ग एकेरी आहे. अशा मार्गांवर आपल्या देशांत पुष्कळ वर्षें एक पद्धत चालत असे. पुढील टप्प्यासाठीं यंत्रांतून एक पोलादी गोळा निघे, आणि तो हातीं पडल्यावांचून चालकानें गाडी हलवावयाची नसे. एक गोळा बाहेर असतां दुसरा निघूं नये अशा बेतानें दोन्ही स्टेशनांवरील यंत्रें विजेच्या तारांनीं एकमेकांशीं बांधलेलीं असत. चालक घाईंत आहे, उतारू खोळंबले आहेत, स्टेशनमास्तर ओळखीचे आहेत, यांपैकीं कशाचेंही यंत्रापुढें कांहीं चालत नसे. हें चित्र मनांत ठेवून वाचकांनीं आमच्याबरोबर दुसऱ्या एका यंत्रांत डोकवावें. तें यंत्र म्हणजे आज जळगांव-धुळ्याकडे घरोघर दिसणारा अँड्रॉइड जातीचा मोबाइल फोन.

या फोनांत एकाच वेळीं शेंकडों कामें चालूं असतात. अशा प्रत्येक चालत्या कामास 'प्रक्रिया' म्हणतात. प्रत्येक प्रक्रिया जणूं आपल्या कुलुपबंद खोलींत बसलेली असते. एकीस दुसरीची स्मृति वाचतां येत नाहीं. परंतु बोलल्यावांचून भागत नाहीं. हवामान सांगणाऱ्या ॲपास आपण पारोळ्यास आहों कीं साक्रीस, हें ठाऊक नसतें. तें त्यास दुसऱ्या एका प्रक्रियेस विचारावें लागतें. हे निरोप कार्यप्रणालीच्या गाभ्यांतून, म्हणजे कर्नलमधून, जातात. तेथील निरोप्याचें नांव 'बाइंडर'. निरोप कोणाकडून आला हें बाइंडर स्वतःच त्यावर लिहितो. पाठविणाऱ्यास खोटें नांव घालण्याची सोय ठेवलेली नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. कोणीं कोणाशीं बोलावें, हें ठरवावयाचें कोणीं? जुनी रीत अशी कीं, ज्याची वस्तु त्यानें ती कोणास द्यावी हें ठरवावें. आणि 'रूट' नांवाचा जो महाधिकारी, त्यास कोणतीच आडकाठी नसावी. हींत गोम अशी कीं, महाधिकाऱ्याच्या अधिकारानें चालणारी एखादी प्रक्रिया फसली कीं सारें घर चोराच्या हातीं जातें. म्हणून दुसरी रीत निघाली, तिला अनिवार्य नियंत्रण म्हणतां येईल. प्रत्येक प्रक्रियेवर गाभा एक शिक्का मारतो. कोणत्या शिक्क्यानें कोणत्या शिक्क्याशीं काय बोलावें, याचें नियमपत्र फोन बनविणाऱ्यांनीं आधींच लिहून ठेवलेलें असतें, व फोन सुरू होतांना तें गाभ्यांत भरलें जातें. ज्याची परवानगी नियमपत्रांत लिहिलेली नाहीं, त्यास नकार. मियाँबीबी राजी असल्यावर काजीचें काय काम, असें आपण म्हणतों; येथें मात्र दोघेही राजी असून काजी 'नाहीं' म्हणूं शकतो, आणि रूटचा अधिकार मिळविलेली प्रक्रियाही आपल्या शिक्क्याबाहेर जाऊं शकत नाहीं.

ही योजना अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें 'एसई-लिनक्स' या नांवानें 2000 सालच्या डिसेंबरांत प्रसिद्ध केली. 2003 सालीं ती लिनक्सच्या मुख्य गाभ्यांत आली. अँड्रॉइडनें 2013 सालीं ती घेतली, पण प्रथम द्वारपालानें केवळ नोंद करावी, अडवूं नये, एवढ्यापुरतीच. 2014 सालच्या पांचव्या आवृत्तीपासून तो सर्व प्रक्रियांना खरोखर अडवूं लागला.

बाइंडरच्या दारीं चार गोष्टी विचारल्या जातात : यानें त्यास निरोप पाठवावा काय, तिसऱ्याशीं बोलण्याचें साधन त्याच्या हातीं द्यावें काय, उघडलेली फाइल सोंपवावी काय, आणि सर्व सेवांचा पत्ता सांगणाऱ्या चौकशी-खिडकीवर यानें बसावें काय. आमच्या मतें चवथा प्रश्न सर्वांत मोलाचा. त्या खिडकीवर भामटा बसला तर 'बँक कोठें?' असें विचारणारास तो आपलाच पत्ता देईल. खिडकीवर नेमलेली प्रक्रियाही पुन्हां नियमपत्र पाहते. बाहेरून आलेलें ॲप 'मीच संदेशसेवा' असें सांगून तेथें नांव नोंदवूं लागलें, तर नोंद होत नाहीं.

इतकें असूनही गेल्या लग्नसराईंत एक पालक आमच्याकडे घाबरे होऊन आले. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली म्हणून त्यांनीं ती उघडली. ती पत्रिका नव्हती, ॲप होतें. आणि थोड्याच वेळांत खात्यांतून पैसे गेले. द्वारपाल झोंपला होता काय, असें त्यांच्या मुलानें विचारलें. प्रश्न रास्त होता. द्वारपाल जागा होता. त्या ॲपास दुसऱ्याची खोली फोडतां आली नाहीं, कीं कोणाचें सोंगही घेतां आलें नाहीं. पण संदेश वाचण्याची परवानगी मालकाच्या मर्जीवर सोडलेली असते. ती त्यानें दिली कीं तो निरोप नियमांत बसतो. पत्रिका उघडतांना पडद्यावर प्रश्न आला होता, व त्या गृहस्थांनीं न वाचतां 'अलाऊ'वर बोट ठेवलें होतें.

आम्हीं प्रथम 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदविण्यास सांगितलें, बँकेस कळवून खातें थांबवावयास लाविलें, आणि मग फोनच्या सेटिंग्जमधील परवानग्यांची यादी उघडली. एसएमएस या नांवाखालीं तीन ॲपें होतीं. त्यांतील दोन त्यांच्या ओळखीचीं होतीं.