खरखरीतला आवाज

घरात एखादा जुना ट्रान्झिस्टर पडला असेल तर तो शोधून काढा. आजोबांच्या कपाटात किंवा माळ्यावरच्या पेटीत तो बहुधा सापडेल. त्यात नवे सेल घाला, मीडियम वेव्ह लावा आणि जिथे कोणतेही स्टेशन लागत नाही अशा जागी काटा आणून ठेवा. मंद 'सूंऽ' असा आवाज येईल. आता तो ट्रान्झिस्टर हातात धरून घरभर फिरा. मोबाइलच्या चार्जरजवळ न्या, एलईडी दिव्याजवळ न्या, टीव्हीच्या मागे न्या. कुठे 'घर्र' होईल, कुठे 'चींऽ' होईल, तर कुठे खरखर एकदम फुगेल. ज्या वस्तू आपण मुक्या समजतो, त्या किती बडबड करतात हे तुम्हाला कदाचित पहिल्यांदाच ऐकू येईल.

आपल्याला एरवी या बडबडीचा काही त्रास नसतो. पण माझ्यासारख्या हौशी रेडिओवाल्याला तिच्याशी रोज झगडावे लागते. हौशी रेडिओ, म्हणजे लोक ज्याला 'हॅम' म्हणतात तो छंद, तुम्ही ऐकला असेल. केंद्र सरकारची एक परीक्षा देऊन परवाना मिळवायचा आणि स्वतःच्या घरातून रेडिओलहरींनी जगाशी बोलायचे. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ही परीक्षा देता येते, तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण आजच पात्र आहेत! यासाठी लागणाऱ्या संचात प्रेषक आणि ग्राही दोन्ही एकाच पेटीत असतात. त्याला ट्रान्सीव्हर म्हणतात. पुढे मी त्याला नुसते 'संच' म्हणेन.

काही वर्षांपूर्वी मी घर बदलले. नव्या घराच्या गच्चीवर तार ताणली, संच जोडला, ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आलो आणि डोक्याला हात लावला. खरखरीखेरीज काही ऐकूच येईना. आवाजाचे बटण वाढवले तर खरखरही तेवढीच वाढली. यात नवल काहीच नाही. पोत्यात तांदूळ आहेत आणि खडेही आहेत. एका पोत्याची दोन पोती केली तर तांदूळ दुप्पट होतील, पण खडेही दुप्पटच होतील. विवर्धक, म्हणजे आवाज मोठा करणारे मंडल, असेच आंधळेपणाने काम करते. त्याला तांदूळ कोणते आणि खडे कोणते हे कळत नाही. ऐकू येणे-न येणे संदेश किती मोठा आहे यावर नव्हे, तर तो खरखरीच्या किती पट आहे यावर अवलंबून असते.

संदेश किंवा खरखर किती मोठी आहे हे मोजायला संचावर 'एस-मीटर' नावाचा काटा असतो. त्यावर एस १ ते एस ९ अशा खुणा असतात. एरियलकडून संचात ५० मायक्रोव्होल्ट दाब आला की काटा एस ९ वर जातो. तिथून एकेक पायरी खाली उतरताना दाब निम्मा होतो. एस ८ म्हणजे २५ मायक्रोव्होल्ट, एस ७ म्हणजे १२.५, आणि एस ५ म्हणजे जेमतेम ३. (बाजारातल्या सगळ्याच संचांचे काटे इतके काटेकोर नसतात, पण हिशेबाला हे ठीक आहे.) दाब निम्मा झाला की शक्ती पाव होते, कारण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे तुम्ही शिकला आहातच. म्हणजे एक पायरी म्हणजे शक्तीत चौपट फरक. माझ्या घरात नुसती खरखरच एस ७ वर होती. एस ५ ने येणारा माणूस तिच्याखाली पुरता गाडला जात होता. त्याला माझ्या खरखरीच्या नुसत्या बरोबरीला यायचे तर दोन पायऱ्या चढायला हव्या होत्या, म्हणजे शक्ती १६ पट करायला हवी होती. ५ वॅटचा संच असेल तर ८० वॅटचा!

आता एक गोष्ट सांगतो. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी लाटा अंदमान-निकोबारवर आदळल्या, तेव्हा भारती प्रसाद नावाच्या हॅम आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. अंदमानातून जगभरच्या हॅमशी संपर्क साधायचा, एवढ्या हौसेच्या कामासाठी त्या गेल्या होत्या. टेलिफोन बंद पडल्यावर त्यांच्याच केंद्रावरून माणसांच्या खुशालीचे निरोप जाऊ लागले. अशा वेळी पलीकडच्या माणसाजवळ काय असते? एक बॅटरी, झाडाला घाईने बांधलेली तार आणि थकलेला आवाज. त्याला शक्ती १६ पट वाढव असे सांगून काय उपयोग? पण मी माझ्याकडची खरखर दोन पायऱ्यांनी उतरवली, तर माझ्या कानाला अगदी तोच फायदा मिळतो. त्याचे ५ वॅट मला ८० वॅटसारखे ऐकू येतात. म्हणून खरखर कमी करणे हे काम आधी ऐकणाऱ्याचे आहे.

पहिला प्रश्न, खरखर संचाच्या आतली की बाहेरची? याची परीक्षा फार सोपी आहे. एरियलची तार काढून घ्या. खरखर खूप कमी झाली तर ती बाहेरून येते आहे. माझी तशीच झाली. मग मी संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला आणि घराचा मेन स्विच बंद केला. काटा एस ७ वरून एस ५ वर उतरला! म्हणजे बराचसा चोर घरातच होता. (हा प्रयोग तुम्हाला करायचा असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घ्या. संगणक आधी नीट बंद करा, आणि चार्जर किंवा दिवा उघडून पाहण्याच्या भानगडीत मुळीच पडू नका.) मग एकेक छोटा स्विच चालू करत गेलो आणि काट्याकडे पाहत राहिलो. चोर दोन निघाले. एक होता मुलाच्या मोबाइलचा चार्जर. मोबाइल लावलेला नव्हता, तो नुसताच प्लगमध्ये अडकून होता. दुसरा होता देव्हाऱ्यातला एलईडी दिवा. आई म्हणाली, "तुझ्या रेडिओसाठी मी देवाला अंधारात ठेवणार नाही." ते बरोबरच होते, म्हणून मला दुसरा उपाय शोधावा लागला.

पण चार्जर असे का करतो? जुन्या काळच्या बॅटरी एलिमिनेटरमध्ये लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असे. आजचा चार्जर खिशात मावतो, कारण त्यातला ट्रान्झिस्टर वीजप्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि त्यामुळे अगदी लहान ट्रान्सफॉर्मर पुरतो. समजा, हा वेग ६५ किलोहर्ट्झ आहे. आमचा ७ मेगाहर्ट्झचा पट्टा तर त्याहून शंभरपटीने वर आहे. मग तो तिथे कसा पोचतो? झटक्याने चालू-बंद होणाऱ्या प्रवाहात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारताही मिसळलेल्या असतात. ६५ ला ११० ने गुणून पाहा. ७१५० किलोहर्ट्झ, म्हणजे थेट आमच्या पट्ट्याच्या आत! चार्जरची पेटी इवलीशी असते; तिच्यातून फारसे काही बाहेर पडले नसते. पण तिला जोडलेली वायर आणि भिंतीतले वायरिंग हेच तिचे एरियल बनते.

तेव्हा उपाय वायरीवरच करायचा. फेराइट नावाच्या काळ्या पदार्थाची कडी मिळते. ट्रान्झिस्टरच्या पोटात जो काळा दांडा असतो, तोही याच जातीचा. देव्हाऱ्यातल्या दिव्याची वायर, प्लग काढून ठेवून, मी अशा कडीतून दहा वेळा गुंडाळून घेतली. दिव्याला लागणारा प्रवाह एका तारेने जातो आणि दुसरीने परत येतो. दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडतात, म्हणून त्याला कडीचा अडथळा होत नाही. खरखरीचा प्रवाह मात्र दोन्ही तारांतून एकाच दिशेने धावतो, आणि कडी त्यालाच अडवते. शिवाय वेढे दहापट केले की प्रवर्तकता शंभरपट होते, कारण इथेही वर्गाचाच नियम आहे. एका वेढ्याने काही होत नाही म्हणून पुष्कळ लोक कडी फेकून देतात, ते यामुळे! देव उजेडात राहिले आणि काटा एस ५ वर आला.

घराबाहेरचा चोर पकडणे अवघड असते. गल्लीतल्या विजेच्या खांबावर एखादी खिळखिळी झालेली जोडणी ठिणग्या टाकत असते. आपली वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक फेऱ्यात दाब दोनदा शिखर गाठतो, म्हणून ठिणग्यांचे झुबके सेकंदाला शंभर पडतात आणि 'घर्र' असा ठरावीक सूर निघतो. आमच्या गल्लीतली अशी घरघर पावसाच्या पहिल्या सरीत थांबे आणि ऊन पडले की पुन्हा सुरू होई. तो खांब शोधायला ट्रान्झिस्टरच उपयोगी पडला. त्यातल्या फेराइट दांड्याचे टोक आवाजाच्या उगमाकडे वळले की आवाज सर्वांत कमी होतो, यावरून दिशा काढता येते. खांबाला हात लावायचा नाही, नुसती तक्रार द्यायची. आमची तक्रार निकालात निघायला आठ महिने लागले.

या काळात संचातल्या 'नॉइज ब्लँकर'ने साथ दिली. ठिणगीचा झटका काही मायक्रोसेकंदांचाच असतो. तेवढ्यापुरती हे मंडल ग्राहीची वाट बंद करते, आणि आपल्या कानाला ती फट कळतही नाही. मात्र हे काम चाळणीच्या आधी व्हावे लागते. ही चाळणी, म्हणजे फिल्टर, आपल्याला हव्या तेवढ्याच वारंवारता आत घेते. देवळातल्या घंटेवर टोला क्षणभरच पडतो, पण नाद रेंगाळतो. चाळणीतून गेलेला झटकाही तसाच लांबतो आणि मग कापता येत नाही.

चाळणीचा हिशेब मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. खरखर सगळीकडे सारखी पसरलेली असेल, तर खिडकी जेवढी रुंद तेवढीच ती आत येते. बोलणे समजायला सुमारे २४०० हर्ट्झ रुंदी लागते. मोर्सच्या 'कट्ट-कडकट्ट'ला ५०० हर्ट्झ पुरतात, म्हणजे खरखर जवळजवळ एकपंचमांश. वादळवाऱ्यात बोलणे कळेनासे झाले तरी मोर्स कळते त्याचे एक कारण हेच. नव्या संचांत आकडेमोड करून खरखर कमी करण्याची सोयही असते. स्वर उच्चारताना आवाजाची लहर सेकंदाला शंभर-दोनशे वेळा स्वतःची नक्कल करते. खरखर तशी करत नाही. जे पुन्हा पुन्हा येते ते ठेवायचे आणि बाकीचे दाबायचे, अशी ही युक्ती. ती बेताने वापरावी. बटण जास्त फिरवले तर माणूस पाण्याखालून बोलतो आहे असे वाटते. मला तर कित्येकदा ती बंदच बरी वाटते. चांगले हेडफोन लावले की निम्मे काम कानच करतात.

आता आपण बोलण्याच्या बाजूकडे येऊ. ताट, पाट, खाट, वाट हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. सगळा जोर 'आ'मध्ये आहे, पण अर्थ ठरतो तो सुरुवातीच्या व्यंजनावरून. स्वरांची ताकद मुख्यतः खालच्या वारंवारतांत असते, व्यंजनांची ओळख मात्र बरीचशी १००० ते ३००० हर्ट्झमध्ये. म्हणून ३०० हर्ट्झच्या खालचा भारदस्त घुमार कापून टाकावा. घरी बसून ऐकायला तो छान वाटतो, पण खरखरीतून पार जायला त्याचा काही उपयोग नाही, उलट त्यात शक्ती वाया जाते. मायक्रोफोनचे बटण बेताने ठेवावे. ते फार वाढवले तर लहरींची शिखरे चपटी होतात, आवाज फाटतो आणि शेजारच्या वारंवारतेवर बोलणाऱ्यांना आपली घाण ऐकावी लागते. आणि पंखा! आवाज उचलून धरणारे मंडल आपण दोन शब्दांच्या मध्ये थांबलो की पंख्याचा आवाज उचलून धरते. एकदा कोकणातल्या एका वयस्कर हॅमनी मला सरळ विचारले, "तुमच्याकडे वादळ सुटलंय काय हो?" तेव्हापासून मे महिन्यातही मी पंखा बंद करून, घाम पुसत बोलतो.

शेवटचा फायदा तारेने दिला. ७ मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीचे एरियल सुमारे २० मीटर लांब लागते. माझे गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पंपाला आणि वायरिंगला लागून होते. ते इमारतीपासून दूर, मागच्या नारळापर्यंत नेले. काटा एस ४ वर आला. एस ७ पासून तीन पायऱ्या, म्हणजे ६४ पट. (विजा चमकत असतील तेव्हा ही तार संचापासून काढून ठेवायला विसरू नका.)

उरलेली एस ४ मात्र माझ्या हातातली नाही. पृथ्वीवर दर सेकंदाला सुमारे ४०-५० विजा चमकतात. त्यांच्या लहरी आकाशातल्या आयनांबरावरून परतून शेकडो-हजारो किलोमीटर येतात. रात्री या पट्ट्यावर बहुतेक खरखर तीच असते. अमेरिकेत कार्ल जान्स्की हा तरुण अभियंता १९३२ च्या सुमारास माझ्यासारखेच काम करत होता. समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनमधली खरखर येते कुठून, हे शोधण्याचे काम. जवळच्या विजा सापडल्या, दूरच्या सापडल्या, आणि तरी एक मंद 'सूंऽ' उरला. तो दर २३ तास ५६ मिनिटांनी शिखर गाठत असे. ताऱ्यांचा दिवस बरोबर एवढाच असतो. तो आवाज आकाशगंगेचा होता! पुढे १९३७ मध्ये ग्रोट रेबर याने आपल्या घराच्या आवारात ९ मीटरहून मोठी थाळी उभारून तो आवाज आणखी तपासला. रेबर हॅमच होता. आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी उभ्या आहेत, त्याही अशाच आवाजांसाठी. ती जागा निवडताना तिथे माणसाने केलेली रेडिओ-खरखर कमी आहे, हे मुद्दाम पाहिले होते.

पाऊस संपून विजा कमी झाल्या की थंडीतल्या एखाद्या रात्री माझा काटा एस ३ वर येतो. त्या रात्री मी बोलत नाही, नुसता ऐकत बसतो. गेल्या डिसेंबरात कोणीतरी ५ वॅटवर, अगदी हळू, तिसऱ्यांदा साद घालत होता. मी उत्तर दिले तेव्हा त्याचा विश्वासच बसेना.