नाव घातलेलं पितळ

सिंदेवाहीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर मी आजीचा पाण्याचा पितळी गुंड घेऊन उभा होतो. जुनं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावरून उतरवलेल्या भांड्यांत तो निघाला होता. दुकानदाराने तो काट्यावर ठेवला, आतून-बाहेरून फिरवून पाहिला, नखाने टिचकी मारली आणि मोडीचा भाव सांगितला. भाव रास्त होता. मग काठाखालची धूळ अंगठ्याने पुसत तो म्हणाला, "नाव आहे ना जी यावर." नावामुळे वजन वाढत नाही की भाव उतरत नाही. तरी त्याने ते दाखवलं. ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत आजीचं माहेरचं नाव, त्याखाली 'लग्नाप्रीत्यर्थ मामाकडून' आणि तारीख, ७-५-६१. गुंड मी परत घरी आणला.

त्या दिवसापासून एक नाद लागला. आमच्या या झाडीपट्टीत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पितळेवर कुणाकुणाची नावं चढली आणि ती पुढे कुठे गेली, याचा माग मनातल्या मनात काढत राहिलो.

नाव कायमचं राहावं असं वाटलं की राजे लोक पितळेकडे जात नसत. विदर्भातल्या वाकाटकांनी दानपत्रं दिली ती तांब्याच्या पत्र्यांवर. दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मकचा ताम्रपट पाचव्या शतकातला. आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यात देवटेकला सापडला तो शिलालेख. राज्याची आठवण दगडात आणि तांब्यात, आणि घराची आठवण पितळेत, अशी जणू वाटणीच झालेली होती.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ऐकायला सोपं, पण करणाऱ्याची परीक्षा पाहणारं. तांबं वितळायला १०८४ अंश सेल्सिअस लागतात आणि जस्त ९०७ अंशांवरच वाफ होऊन उडून जातं. म्हणून पूर्वी जस्ताची खनिजमाती आणि कोळसा तांब्याबरोबर बंद मुशीत तापवत आणि वाफ तांब्यात मुरवत. ती वाफ पकडून निव्वळ जस्त काढण्याची विद्या राजस्थानातल्या जावरच्या भट्ट्यांना मध्ययुगातच साधली होती. इंग्लंडात विल्यम चॅम्पियनने तिचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. जस्त मिसळलं की तांब्याचा मऊपणा जातो, रंग सोन्याकडे झुकतो आणि छिन्नीची धार स्वच्छ उमटते. पाट्यांच्या पितळेत तर दोनेक टक्के शिसंही घालतात, म्हणजे कोरताना कीस तुटून पडतो आणि अक्षराचा काठ फाटत नाही. सोन्यासारखं दिसणारं, गरिबाला परवडणारं आणि अक्षर धरून ठेवणारं. स्मरणार्थ द्यायला याहून सोयीचा धातू कोणता?

पण पितळ अमर नाही. आंबट लागलं की हिरवा कळंक धरतं. कल्हई उडालेल्या भांड्यातलं ताक कळकतं, हे आमच्या आयांना कुणी शिकवावं लागलं नाही. इंग्रज फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि घडणीच्या वेळी धातूत राहिलेला ताण मिळून हे होतं, हे १९२१ मध्ये नीट उलगडलं. जे पितळ गोळीचा स्फोट झेलतं, ते तबेल्याच्या दमट हवेत फुटतं.

आमच्याकडे सरकारी पितळ आधी भिंतीवर आलं नाही, माणसाच्या छातीवर आलं. 'चपराशी' हा शब्दच मुळी 'चपरास' या पट्ट्यावरच्या पितळी बिल्ल्यावरून आला. बिल्ल्यावर खात्याचं नाव असे, माणसाचं नसे. जंगलाचे साहेब बदलत, शिपाई बदलत, बिल्ला तोच पुढच्या छातीवर जाई. रोज चिंचेने किंवा राखेने घासून तो लखलखीत ठेवायचं काम मात्र त्या बिननावाच्या माणसाचं.

मग विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेची अडीच फुटी लाइन आली. गोंदियाहून नागभीड, तळोधी, सिंदेवाही, मूल करत चांदा फोर्टकडे जाणारी ही छोटी गाडी. इंजिनाच्या अंगावर बनवणाऱ्या कारखान्याची पितळी पाटी असे. त्यावर कंपनीचं नाव, अनुक्रमांक आणि साल. आमच्या लाइनची रुंदी नव्वदच्या दशकात वाढली. नागपूर-नागभीडची छोटी गाडी मात्र २५ नोव्हेंबर २०१९ पर्यंत धावली. जुनी इंजिनं भंगारात गेली की पाट्या तेवढ्या आधी काढल्या जातात, कारण शौकिनांना इंजिन परवडत नाही, पाटी परवडते. त्या पाटीवर परदेशी कारखाना आहे. रानातून रूळ टाकणाऱ्या मजुरांचं नाव कुणी कुठल्याच धातूवर घातलं नाही.

१९४२ हे साल आमच्या भागात दोन कारणांनी लक्षात राहिलेलं. युद्धामुळे निकेलची टंचाई झाली आणि सरकारने अर्धा आणा, एक आणा, दोन आणे निकेल-पितळेत पाडायला सुरुवात केली; खिशातला पैसा पिवळा झाला. त्याच वर्षी १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं. गोळीबारात बालाजी रायपूरकर गेले, अधिकारीही मारले गेले, आणि मग लष्कर गावात शिरलं. बायकांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला. ज्यांना फाशी सुनावली होती त्यांच्यासाठी अनसूयाबाई काळे झटल्या. आज चिमूरला हुतात्मा स्मारक आहे. ज्यांच्यासाठी भन्साळी उपाशी राहिले, त्या बायकांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. त्यांनीही ती नकोच म्हटलं असतं, हेही खरं. प्रत्येक आठवण चव्हाट्यावर कोरायची नसते.

चौदा वर्षांनी पितळेने उलटी वाट धरली. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर अनेक घरांनी देवघरातले पितळी देव नदीला, विहिरीला दिले. पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेल्या त्या मूर्ती मोडीत विकल्या असत्या तर चार पैसे आले असते. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला त्यांचे पैसे नको होते. पितळेचा मागोवा घेताना हे विसरता येत नाही: आठवण घडवायला धातू लागतो, आणि आठवण टाकून द्यायला त्या धातूच्या किमतीवरही पाणी सोडावं लागतं.

आजीचं लग्न त्यानंतर पाच वर्षांनी झालं. तेव्हा मुलीला आंदणात पितळ देत: गुंड, कोपर, गंज, गडवे. आमच्या घरची बरीच भांडी भंडाऱ्याची. भंडारा हे पितळी भांड्यांचंच गाव म्हणून ओळखलं जाई. भांडं घेतलं की दुकानाबाहेर नाव घालणारा बसलेला असे. मी लहानपणी त्याच्यासमोर उकिडवा बसून पाहिलंय. दोन्ही गुडघ्यांत भांडं धरायचं, डाव्या हाताच्या चिमटीत बारीक टोकाची छिन्नी, उजव्या हातात वितीएवढी हातोडी. टक्‌ टक्‌ टक्‌, एकेक ठिपका. आधी शिरोरेघ, मग तिला लोंबणारी अक्षरं. मजुरी अक्षरावर. म्हणून 'चिरंजीव'चं 'चि.' व्हायचं, 'सौभाग्यवती'चं 'सौ.', गेलेल्या माणसाचं 'कै.' आणि 'यांच्या स्मरणार्थ'चं 'यां. स्म.'. बायको बाजूला उभी राहून गावाचं नाव घालायला लावे, नवरा मनात अक्षरं मोजे.

आमच्याकडच्या खऱ्या स्मारकपाट्या याच. देवळातल्या घंटेवर बापाचं नाव, पंगतीच्या भांड्यांवर आईचं, घागरीवर मामाचं. आणि एक गोष्ट फार उशिरा माझ्या ध्यानात आली: या पाट्यांवर बायका होत्या. शाळेच्या, दवाखान्याच्या, पुलाच्या कोनशिला वाचत चला. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सारे पुरुष, क्वचित एखादी मंत्रीणबाई. चुलीमागच्या फळीवर मात्र ओळीने बायकांची नावं, तीही माहेरची.

सरकारला धातूची आठवण झाली ती स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपत्रं मिळाली आणि गटविकास कार्यालयांच्या आवारांत त्यांच्या नावांचे दगडी स्तंभ उभे राहिले. वाकाटकांची रीत तेवढी परत आली: तांबं आणि दगड. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या झाल्या, तेव्हा कोनशिला काळ्या ग्रॅनाइटवर गेल्या होत्या. पितळ उरलं साहेबांच्या दारावरच्या नावापुरतं. त्या पाट्यांचं एक दुखणं असतं. अक्षरं आम्लाने खोदून त्यात काळा रंग भरलेला असतो, आणि शिपाई निष्ठेने ब्रासो लावून घासतो. दहा-बारा वर्षांत पाटी आरशासारखी होते आणि नाव जातं. जितकी निगा तितकी झीज.

घराघरांतलं पितळ गेलं ते स्टीलमुळे. कल्हई नको, घासाघास नको, कळंक नाही. आयाबहिणींनी सुटकेचा श्वास सोडला आणि तो त्यांचा हक्कच होता. दोन किलो पितळ टाका, स्टीलचा डबा न्या. मोड गोळा होऊन भट्टीत गेली की 'चि. सौ.' आणि 'कै.' एकाच रसात विरघळतात. दगडाला हा धोका नाही, कारण दगडाला भाव नाही. पितळ द्यावंसं वाटतं ते त्याला किंमत असते म्हणून, आणि ते जातंही त्याच किमतीपायी. अडीअडचणीला मोडता येईल अशी आठवण देणारे आपले लोक मला भाबडे वाटत नाहीत. मामाने भाचीला नाव दिलं आणि सोबत उपासमारीच्या वर्षाची तरतूदही दिली.

धातूशिवायही नावं राहतात, तीही याच मुलखात. भामरागडकडचे माडिया मृतांसाठी उभे दगड रोवतात. त्यांवर अक्षर नसतं, तरी कुठला दगड कुणाचा हे गावाला ठाऊक असतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी १९८३ मध्ये आपल्या बांधीत पटेल-३ धानाच्या वेगळ्या लोंब्या पाहिल्या आणि वर्षानुवर्षं निवडून वाण तयार केलं. तळोध्याच्या व्यापाऱ्याने त्याला नाव दिलं तेव्हाच्या लाडक्या घड्याळाचं, एचएमटी. ते बियाणं सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रापर्यंत पोचलं, शुद्ध होऊन विद्यापीठाच्या नावाने बाहेर पडलं. दादाजी २०१८ मध्ये गेले. महाराष्ट्राच्या ताटात रोज त्यांचा भात पडतो आणि पोत्यावर घड्याळाचं नाव असतं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये 'मेरी माटी, मेरा देश' मोहिमेत गावोगावी शिलाफलक लागले. नावं पुन्हा दगडावर आली, बरं झालं. मे २०२५ मध्ये आमच्याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायकांना वाघिणीने एकाच दिवशी मारलं. चौकात श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागतात ते अशा वेळी. एका पावसात त्यांचे रंग उतरतात. त्या बायकांच्या घरात एखादा गुंड असेल का, माहेरच्या नावाचा, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला, आणि तो विचारायला मी कोण, म्हणून मनातच राहिला.

आजीचा गुंड आता नव्या घरात न्हाणीजवळ असतो. आई पोळ्याला आणि दिवाळीला तो चिंच लावून घासते. सगळा गुंड सोन्यासारखा होतो, पण काठाखाली चार बोटं रुंदीची एक पट्टी काळपटच राहते. तिथे ती चिंच लावत नाही, ओल्या कपड्याने नुसतं टिपून घेते. मी विचारलं तर म्हणाली, "घासून घासून नाव गेलं तर मंग गुंड कोणाचा?"